जावाचा रंग ठरेना

आमच्या घरात आता जेवायला एकच चमचा उरलाय. बाकीचे सगळे अंगणात कपड्यांच्या दोरीवर लटकतात, दांड्याला तार बांधून. एक निळा, एक बाटलीसारखा हिरवा, एक शेंदरी, एक असा काही करडा की त्याला रंग म्हणावं की नाही तेच कळत नाही. मी शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाले तेव्हा बरोबरच्या बायकांनी मला हे ॲल्युमिनियमचे चमचे दिले होते, चांगले जाड आणि खोलगट. माझ्या नवऱ्याला नेमका तो खोलगटपणाच आवडला. सपाट पत्र्यावर मारलेला रंग फसवतो, असं आर्सेनिओचं म्हणणं. मोटरसायकलची टाकी फुगीर असते, तेव्हा नमुनाही फुगीर वस्तूवरच बघायला हवा, आणि चमच्याची पाठ म्हणजे छोटी टाकीच.

"आणि पोटाकडची बाजू?" मी विचारलं.

"त्या बाजूनं भात खा," तो म्हणाला.

आमचा शेजारी चिरिनो एकदा खरोखरच दोरीवरचा निळा चमचा काढून काळा घेवडा खायला बसला होता. आर्सेनिओ त्यानंतर आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही. चिरिनोचं म्हणणं, घेवडा उलट जास्त चवदार लागला.

गाडी जावा आहे, साडेतीनशेची, दोन सायलेन्सरवाली. आर्सेनिओ आमच्या गिबारा गावच्या बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्या काळी चांगलं काम करणाऱ्याला कामगारांच्या सभेत हात वर करून दिलेल्या मतांवर मोटरसायकल मिळायची, म्हणजे ती विकत घ्यायचा हक्क मिळायचा. आर्सेनिओला एक हात जास्त पडला. तो हात आपला होता असं चिरिनो आजवर सांगत आलाय आणि त्या हाताच्या जोरावर आमच्याकडे रोज कॉफी पितो. गाडी आली तेव्हा लाल होती. पुढे वाईट दिवस आले, काही म्हणता काही मिळेना, तेव्हा तिला बोटीचा उरलेला निळा रंग ब्रशनं फासला. समुद्राची हवा तोही खात गेली.

लेदुआन, आमचा एकुलता एक, लाल गाडीच्या टाकीवर बसून मोठा झाला, बापाच्या दोन हातांच्या मधे. थोडा वाढला तसा मागच्या सीटवर गेला. आणखी वाढला तेव्हा तो पुढे आला आणि बाप मागे गेला. त्या दोघांच्यात एवढीच अदलाबदल झाली, बाकी एकमेकांशी बोलणं कधीच फारसं नव्हतं. दोघं मिळून गाडी उघडायचे, एक पाना मागायचा, दुसरा द्यायचा, आणि संध्याकाळी दोघंही खूप गप्पा मारल्यासारखे खूश होऊन जेवायला यायचे.

परदेशी जायच्या आदल्या आठवड्यात लेदुआननं टाकी घासायला काढली. मी म्हटलं, "अरे, निघायचं तोंडावर आलंय आणि आता कशाला हा पसारा?"

"अर्धवट ठेवून जातो," तो म्हणाला. "म्हणजे परत यायला कारण राहील. रंग मी आल्यावर ठरवू."

तो हसत म्हणाला होता. बापानं मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. पोरगा पार दक्षिणेकडच्या माँटेव्हिडिओला गेला, तिथं मासे गोठवायच्या कारखान्यात लागला, म्हणजे माशांच्या गावातून पळाला आणि माशांतच जाऊन पडला. आणि इथं जावाला घासून घासून पत्र्यापर्यंत नेऊन, वर प्रायमरचा एक हात मारून आर्सेनिओनं तिला अंगणात पत्र्याच्या छपराखाली उभी केली. तेव्हापासून ती तशीच होती. चालायची, पण अंगावर कपडे नसल्यासारखी दिसायची, म्हणून तो तिला बाहेर काढत नसे.

रविवारी लेदुआनचा फोन येतो, चित्र दिसणारा. आमच्याकडे नेट मिळतं ते फक्त अंगणात, धुण्याच्या दगडापाशी. तिथं आर्सेनिओ सकाळपासून खुर्ची टाकून बसतो, दाढी करून.

"बाबा, तो हिरवा जरा वर धर."

"धरला."

"हा हिरवा? इथं तर पोपटी दिसतोय. डोळे दुखायला लागले माझे."

"तुझा फोन चांगला नाही."

"माझा नवा आहे. तुझाच जुना."

"मग सावलीत धरतो. आता?"

"आता काळा दिसतोय."

"काळा तर काळा. पण चकचकीत."

"बाबा, चकचकीत आता कुणी करत नाही. मॅट कर, मॅट काळा. इथं सगळ्या गाड्या तशाच. काय दिसतात म्हणून सांगू."

"मॅट म्हणजे पॉलिशचा कंटाळा. चमक नाही ती गाडी कसली? आंघोळ न करता लग्नाला उभा राहिलेला नवरदेव."

"चकचकीत म्हणजे म्हाताऱ्यांची हौस."

"मग मी कोण आहे?"

हे असं तासभर चालायचं. निळा फार बोटीसारखा, शेंदरी फार गॅसच्या टाकीसारखा, पांढरा दवाखान्यासारखा. एका रविवारी जुन्या पंख्याच्या पात्यासारख्या निळ्यावर दोघांचं एकमत होत आलं होतं, तर लेदुआनला अचानक आठवलं की निळ्या गाडीवर सीट काळी शोभत नाही, तपकिरी हवी. मग तपकिरी सीटबरोबर मुळात निळाच कशाला, असं झालं, आणि पुढचे तीन रविवार सीटवर गेले.

त्यानंतर फोन माझ्याकडे यायचा.

"आई, जेवलीस?"

"जेवले."

"काय केलं होतंस?"

"भात, घेवडा. चमचे तुझ्या बापानं रंगवले म्हणून हातानं जेवले."

तो हसायचा आणि तेवढ्यात म्हणायचा, "आई, नेट संपत आलं." मी पोटात वाढवलेल्या पोराच्या वाट्याचं सगळं नेट लॅकर आणि थिनरवर उडून जायचं आणि मला त्याच्या कपाळाचा अर्धा तुकडा दिसायचा, तोही थरथरणारा. मला राग यायचा. मी तो चुलीवर काढायची, भांड्यांवर काढायची, आर्सेनिओवर तर रोजच काढायची. पण सोमवारी सकाळी मीच त्याला विचारायची, मग आता कुठला चमचा? कारण आठवडाभर तो त्याच एका गोष्टीवर जगायचा, हे मला दिसत होतं.

आमच्याकडे रंग निवडायचा म्हणजे दुकानात जाऊन बोट दाखवायचं असं नसतं. कुणाकडे काय आहे ते कानोसा घेऊन कळतं, आणि रंग येतो रमच्या बाटलीत, बूच घट्ट बसवून. चिरिनोनं ओळखी काढून, सायकल हाणत हाणत, होल्गीनहून तो पंख्याचा निळा आणला, ज्यावर बापलेकांचं जवळजवळ जमलं होतं. शिवाय स्वतःचा कॉम्प्रेसर दिला, जुन्या रशियन फ्रीजच्या मोटरचा आणि ट्रकच्या ब्रेकच्या हवाटाकीचा, त्यानं स्वतः जोडलेला. आर्सेनिओनं रंग कडक करायच्या हार्डनरची बाटली उजेडात धरली, हलवली आणि म्हणाला, "हार्डनर जुना वाटतो."

पुढच्या वेळी थिनरचा वास त्याला बरोबर वाटला नाही. मग हवेत दमटपणा जास्त होता. मग कॉम्प्रेसर पाणी थुंकतो असं निघालं.

"माझा कॉम्प्रेसर पाणी थुंकत नाही," चिरिनो म्हणाला. "तू थुंकतोयस माझ्या मेहनतीवर. कंपाय, दोस्ता, तुझी टाकी रंगेपर्यंत मी मरेन आणि तू माझ्या पेटीलाही रंगाचे नमुने बघत बसशील."

मला संशय आला. आर्सेनिओ नसताना मी निळ्याच्या बाटलीचं बूच काढलं, थोडा रंग एका झाकणात हार्डनर घालून कालवला आणि करंगळीच्या नखाला लावला. संध्याकाळपर्यंत नख निळं आणि दगडासारखं टणक झालं. मी ते नख नाचवत छपराखाली गेले. तो घासलेली टाकी परत घासत होता, ओल्या पॉलिश पेपरनं, एकदम हलक्या हातानं.

"रंग चांगला आहे," मी म्हटलं.

"आहे," तो म्हणाला. वर बघितलंच नाही.

"मग पोराला, चिरिनोला, मला, सगळ्यांना का नाचवतोयस?"

तो घासत राहिला. मग थांबून म्हणाला, "रंग लागला की संपलं, एनेइदा. मग रविवारी त्याला काय विचारू? जेवलास का? तो म्हणेल जेवलो. थंडी आहे का? आहे. आणि मी तुझ्याकडे फोन देईन."

मी भांडायला आले होते. खाली त्याच्या शेजारी बसले, तोंडाशी आलेलं सगळं परत गिळलं आणि टाकीवर पाणी ओतत राहिले, तो घासत राहिला. त्यानंतर रविवारी मी फोन लवकर मागितला नाही. लेदुआनही चमच्यांना नावं ठेवत राहिला, आणि मला त्याचा आवाज दगडापाशी कपडे पिळता पिळता ऐकू यायचा. तेवढ्यावर मी भागवायला शिकले. पोरगा परत यावा एवढीच आमची दोघांची मागणी होती, आणि तो येईल असं जावा अर्धवट असेपर्यंत मानता येत होतं.

मग एका मधल्याच वारी फोन वाजला. आर्सेनिओ पावाच्या रांगेत गेला होता. मी ओल्या हातानं दगडापाशी धावले.

"आई, एकटी आहेस?"

मी म्हटलं, आहे.

मुलगी तिकडचीच, फ्लोरेन्सिया नावाची, त्याच्याच कारखान्यात काम करणारी. दोघांनी मिळून घर घेतलंय भाड्यानं. तिला चौथा महिना आहे. हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं, घोकून आल्यासारखं. मला आनंद झाला, खरंच झाला, मी हसलेसुद्धा. आणि हसता हसता विचारलं, "म्हणजे येणार नाहीस."

"येईन ना, आई. पाहुणा म्हणून येईन. पोराला घेऊन येईन, जमलं की."

पाहुणा. मी त्याच्या खोलीत अजून त्याची चादर बदलत होते.

"बाबाला तू सांग," तो म्हणाला.

"तोंड तुलाही दिलंय देवानं. तास तास वाजवतोस त्याच्यापुढे. तूच सांग."

"रविवारी सांगतो."

आर्सेनिओ पाव घेऊन आला तेव्हा मी युकाचे कंद सोलत होते. अर्धी युका सालीबरोबर गेली. त्यानं विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, सुरीला धार नाही. त्यानं जेवणाआधी सगळ्या सुऱ्यांना धार लावून दिली.

रविवारी त्याच्याजवळ नवा नमुना होता, वाइनसारखा गडद लाल, उजेडात लाल आणि सावलीत काळा. स्वतः मिसळलेला, तीन वेगवेगळ्या बाटल्यांमधून. इतका खूश होता की फोन लागायच्या आधीच चमचा वर धरून बसला.

"बघ हा. हा मी बनवलाय. चकचकीत केला की आत लाल पेटतो, आणि तुझ्या मॅटमध्ये केला तरी वाईट दिसणार नाही. बोल."

"छान आहे," लेदुआन म्हणाला.

"छान? लालातलं काही नको म्हणाला होतास ना?"

"नाही, छान आहे. बाबा, तुला हवा तो मार. मॅट, चकचकीत, काहीही. गाडी तुझीच आहे."

आर्सेनिओचा हात तसाच वर राहिला. मग त्यानं चमचा हळूच मांडीवर ठेवला.

"बरं," तो म्हणाला, आणि फोन माझ्याकडे दिला. सबंध वर्षात पहिल्यांदा माझ्या वाट्याला एवढं नेट आलं होतं, आणि आम्ही मायलेक एकमेकांकडे न बघता बसलो. त्यानं सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, सांगितलं नाही.

फोन बंद झाल्यावर आर्सेनिओनं विचारलं, "कोण आहे ती?"

मी सगळं सांगितलं. नाव, घर, चौथा महिना, पाहुणा हा शब्दसुद्धा. लपवायला मला जमलं नसतं आणि लपवायचं नव्हतंही.

"ज्याला गाडीवर बसायचं असतं तो रंगावरून भांडतो," तो म्हणाला. "भांडला नाही तेव्हाच कळलं." मग खुर्ची उचलता उचलता, "चौथा म्हणजे जन्माच्या वेळेला तिकडे उन्हाळा लागत असेल. बरं आहे, बाळाला थंडी नको."

पुढचे काही दिवस तो छपराकडे गेलाच नाही. बंदरावर जाऊन बसायचा आणि जेवायच्या वेळेला यायचा. चिरिनोनं विचारलं तर म्हणायचा, बघू. मी रागावून बोलले असते तर बरं झालं असतं, पण माझ्याकडे राग उरला नव्हता. रात्रंदिवस एकच वाटायचं, पोरगं दारात यावं, आणि यावं म्हणजे पाहुणा म्हणून नको.

एका सकाळी लाईट आली. आमच्याकडे लाईट आली की सगळी गल्ली एकदम उठते, कुणी पाणी चढवतं, कुणी इस्त्री काढतं. आर्सेनिओ कॉफीचा कप ठेवून उठला आणि म्हणाला, "चिरिनोला हाक मार. आणि तुझी पावडर दे."

"कुठली पावडर?"

"अंगाला लावायची."

ती लेदुआननंच पार्सलमधून पाठवली होती, माझ्या घामोळ्यांसाठी, लहान मुलांची. मी डबा दिला. चिरिनो मोटर ढकलत आला तेव्हा आर्सेनिओ माझ्या जुन्या पायमोज्यातून ती पावडर चाळत होता आणि लॅकरमध्ये थोडी थोडी घालत होता. इकडे मॅट रंग मिळत नाही. चमक घालवायची असेल तर रंगात पावडर मिसळावी लागते, कमी पडली तर चमकते आणि जास्त झाली तर काळ्यावर पांढरी साय दिसते. अंदाज घ्यायला आमच्या जेवायच्या दोनपैकी एक चमचा गेला.

चिरिनो बघतच राहिला. "तू? मॅट? शवागाराचा रंग म्हणायचास त्याला."

"गप बस आणि मोटर चालू कर."

"पोरगा येणार नाही हे सगळ्या गल्लीला कळलंय, कंपाय. आता तरी स्वतःच्या मनासारखी कर. लाल कर, सोनेरी पट्टा मार, कोण अडवतंय?"

"कोणी नाही अडवत," आर्सेनिओ म्हणाला. "तेच तर."

चिरिनोनं खटका दाबला.

मी ओली चादर वाऱ्याच्या बाजूनं धरून उभी राहिले, धूळ आणि खार येऊ नये म्हणून. आधी काळ्याचे दोन हात, मग वरून पावडरीचा. फ्रीजची मोटर ती, हवा भरायला वेळ घ्यायची. थोडं मारायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. थांबलं की आर्सेनिओ बोलायचा, आमच्याकडे न बघता. म्हणाला, एवढी भांडणं मी जिंकलो आणि जिंकून करायचं काय? म्हणाला, चकचकीत केली असती तर रोज त्यात माझंच तोंड दिसलं असतं. अंगणभर लहान मुलाच्या अंगाचा वास सुटला होता. मधेच त्यानं रंगाची गन खाली ठेवली, बोटं नाकाशी नेली आणि तसाच उभा राहिला. तेव्हा त्याचे डोळे भरले. चिरिनो उगाचच कॉम्प्रेसरची नळी तपासायला वाकला, आणि माझे हात चादरीत अडकलेले, त्यामुळे मी माझं तोंड पुसू शकले नाही.

शेवटचा हात होईपर्यंत लाईट टिकली. रंग वाळला तेव्हा चिरिनो चारी बाजूंनी वाकून वाकून बघून गेला. ओघळ नाही, साय नाही, कुठं कोरडा पट्टा नाही. चूक सापडेना तेव्हा त्याची चिडचिड झाली आणि कॉफी न पिताच घरी गेला. जावा काळी उभी होती, सगळीकडून सारखी. मला रंगातलं फार कळत नाही, पण हात लावायची भीती वाटावी इतकी ती चांगली झाली होती.

रविवारी आर्सेनिओनं दाढी केली, पण खुर्चीवर बसला नाही. गाडी दगडापर्यंत ढकलत आणली आणि फोन माझ्या हातात दिला. "तू धर. मी दाखवतो."

लेदुआन आला. डोळे सुजलेले, रात्रपाळी करून आल्यासारखे.

"केली," आर्सेनिओ गाडीशेजारी उभा राहून म्हणाला. "मॅट काळी. तुला हवी तशी. दिसते का?"

"दिसते, बाबा. तू तर मॅट म्हणजे..."

"ते सोड. मुलगा की मुलगी?"

लेदुआन फोनच्या अगदी जवळ आला.

"आईनं सांगितलं?"

"तूच सांगितलंस, मागच्या रविवारी. बोल."

"अजून कळलं नाही," लेदुआन म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी व्हायचा तसा झाला होता. "बाबा, मी सांगणार होतो."

"बरं. त्या मुलीला जड उचलू देऊ नकोस. थंडी आहे का?"

"आहे."

"जेवलास?"

"जेवलो."

आणि संपलं. आर्सेनिओ हात लोंबते सोडून गाडीपाशी उभा होता. फोन माझ्याकडे द्यायची पाळी आली होती, पण फोन आधीच माझ्याकडे होता. पलीकडे पोरगा गप्प, अलीकडे बाप गप्प. हेच तो इतके महिने टाळत आला होता आणि ते आता माझ्या हातात वाजत होतं. पुढच्या रविवारी हे याहून लवकर संपेल, त्याच्या पुढच्याला आणखी लवकर, आणि मग कधीतरी फोन सणावारालाच येईल, हे मला इतकं स्वच्छ दिसलं की मी मान खाली घातली.

तेव्हा मला फोनच्या कोपऱ्यातली छोटी चौकट दिसली. तिच्यात गाडी नव्हती. तिच्यात मी होते, हनुवटीपासून कपाळापर्यंत, रडून लाल झालेली. मी कॅमेरा उलटा धरला होता. म्हणजे लेदुआनला गाडी दिसलीच नव्हती, सुरुवातीपासून त्याच्यासमोर फक्त माझं तोंड होतं. मी घाईघाईनं बटण शोधायला लागले.

"बाबा," लेदुआन म्हणाला, "डाव्या बाजूला ये जरा."

आर्सेनिओ हलला. "आलो."

"टाकीच्या खालच्या अंगाला, गुडघा टेकतो तिथं. कोरडा बसलाय."

"कुठं?"

"तिथंच. खरखरीत दिसतोय इथून. हवा कमी पडली असणार."

माझं बोट बटणावर होतं. लेदुआन माझ्या डोळ्यांत बघत होता. मी बोट काढून घेतलं.

आर्सेनिओ गुडघ्यावर बसला. मान तिरपी करून बघितलं, मग बोटाचं टोक टाकीच्या खालून हळूहळू फिरवलं, गेलं तसं परत आणलं. तिथं काही नव्हतं. मला माहीत होतं, चिरिनोला माहीत होतं, आणि ज्यानं स्वतःच्या हातानं मारला होता त्याला तर सगळ्यांत जास्त माहीत होतं.

"हो रे," शेवटी तो म्हणाला. "आहे खरा."

"मॅटला तेवढ्यापुरता हात मारून चालत नाही ना?"

"नाही चालत. डाग उठून दिसतो." आर्सेनिओनं तळवा टाकीवर ठेवला. "सगळा काढावा लागेल. पार पत्र्यापर्यंत."

"मग काढ," लेदुआन म्हणाला, अजून माझ्याकडेच बघत. "पण सावकाश काढ, बाबा. घाई नाही."